अर्धा किलो पेढे

१३ मे २०२५. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागणार होता आणि आमच्या घरात सकाळपासून तीन मोबाइल आणि एक लॅपटॉप अशी फौज सज्ज होती. लेक आतल्या खोलीचं दार लोटून बसलेली. बायको भांडी लावत होती, म्हणजे आधीच लावलेली काढून परत लावत होती. मी शांत आहे असं दाखवत होतो. एकला पाच कमी असताना आत्याचा फोन.

"लागला का रे?"

"आत्या, एक वाजता लागणारे."

"वाजलाच की एक."

"अजून पाच मिनिटं आहेत."

"बरं. मग मी चालूच ठेवते," म्हणाली आणि खरंच फोन चालू ठेवून बसली. पलीकडून तिच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

एक वाजला. बैठक क्रमांक टाकला, आईचं नाव टाकलं (हल्ली आईचं नाव विचारतात, हे एक बरं झालं) आणि गोल गोल फिरणारं चक्र बघत बसलो. तीन-चार मिनिटं फिरलं असेल ते. तेवढ्या वेळात मी कुर्डुवाडीला जाऊन आलो. १९९४ च्या जूनमधल्या.

पुढचं आत्याला विचारूनच लिहितोय. "लिही की, आता कोण काय म्हणणारे," असं म्हणाली.

तर, १९९४ साली आमच्या घरातून दहावीला दोघं बसलो होतो. एक मी आणि दुसरी आत्या.

आत्या ही अण्णांची सगळ्यात धाकटी बहीण. नववीत असताना तिचं लग्न लावून दिलं आणि चार-पाच वर्षांत ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत आली. का आली ते मला आजही नीट माहीत नाही. घरात तो विषय निघत नसे. अण्णा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, तिथे छोट्या गाडीच्या, म्हणजे मिरज-लातूर नॅरोगेजच्या, दुरुस्तीचं काम चालायचं. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात एक कडुनिंब. आई, अण्णा, आजी, मी, धाकटी बहीण आणि आत्या. ती एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आयाचं काम करायची. बाळंतिणींचं सगळं तिच्याकडे.

बाई तिला म्हणाल्या, तुझा हात चांगला आहे, दहावी होऊन टाक, म्हणजे नर्सिंगला जाता येईल. पण वयाची अट असते, फार उशीर करू नकोस. आत्या तेव्हा तिशीची होती.

शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. "सतरा नंबर" म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना कळतं. तो तिने कुर्डुवाडीत न भरता मुद्दाम बार्शीच्या एका शाळेतून भरला. गल्लीत कळलं असतं तर बायांनी तिला सोडलं नसतं. "भाच्याबरोबर शाळेत जाणार व्हय आता?" हे तर पहिलंच. अण्णांनी फी भरली, आईला माहीत होतं, मला माहीत होतं. आजीला माहीत होतं, पण आजी माहीत नसल्यासारखं करायची.

फॉर्म भरला आणि थोड्याच दिवसांत ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आली. रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं, लोक नुकते कुठे झोपले होते. चारला चार मिनिटं कमी असताना फळीवरची भांडी खाली आली आणि आम्ही सगळे अंगणात. किल्लारीचं नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. जखमींना सोलापूरला आणायला सुरुवात झाली तशा डॉक्टरीणबाई मदतीला गेल्या आणि आत्यालाही घेऊन गेल्या. दहा-बारा दिवसांनी ती परत आली. दोन दिवस कुणाशी बोलली नाही, नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी रात्री तिने स्वतःच बीजगणिताचं पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"तिथल्या सिस्टरांना सगळं करता येत होतं रे," म्हणाली. "मला नुसतं धरून बसता येत होतं."

त्यानंतर ती पेटलीच. दिवसा दवाखाना, संध्याकाळी आईबरोबर स्वयंपाक, आणि नऊनंतर साठच्या दिव्याखाली आम्ही दोघं. मराठी, इतिहास, भूगोल ती घडाघडा म्हणायची. इंग्रजी पाठ करायची. गणिताचा मात्र मी मास्तर होतो. पंधरा वर्षांच्या पोराला असा अधिकार मिळाला की काय होतं ते सांगायला नको. मी तिला पट्टीने टेबलावर टकटक करून शिकवायचो. वर्गसमीकरणं तिला जमायला लागली होती, पण भूमिती म्हटलं की तिच्या हाताला घाम. "ही आकृती दिसतेय ना समान, मग सिद्ध कशाला करायचं?" हा तिचा प्रश्न असे. मला तेव्हा तो बावळट वाटायचा.

माझं स्वतःचं काय? मी हुशार म्हणून प्रसिद्ध होतो. शाळेत पहिल्या तिनात. अण्णा जुन्या अकरावीचे, मॅट्रिक झाले आणि रेल्वेत लागले, पुढे शिकायचं राहून गेलं. त्यामुळे माझ्या दहावीच्या दोन वर्षं आधीपासूनच त्यांनी मला मनातल्या मनात पुण्याला फर्ग्युसनमध्ये घातलेलं होतं. पंच्याऐंशी टक्के हा आकडा आमच्या घरात इतक्या वेळा बोलला गेला होता की तो निकाल आधीच लागल्यासारखा वाटायचा.

परीक्षा मार्चमध्ये झाली. मी आपल्या शाळेत, ती बार्शीला. सकाळी एसटीने जायची, पिशवीत हॉल तिकीट आणि माझी जुनी कंपासपेटी. गल्लीत सांगितलेलं की डॉक्टरीणबाईंच्या कामाला जाते. साडी नेसून पोरांच्या बाकावर बसताना कसं वाटलं ते तिने तेव्हा सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

भूमितीच्या पेपरला माझी वाट लागली. एक रायडर सुटेना. चक्रीय चौकोनाचा होता. सोडून पुढे जायचं हे मी आत्याला शंभरदा शिकवलेलं, पण स्वतः त्या आकृतीत अर्धा तास रुतून बसलो. मग पुढचं सगळं पळापळी. एक रचना अर्धवट, एका प्रमेयाची सिद्धता फक्त "पक्ष" आणि "साध्य" लिहून तशीच. घंटा झाली तेव्हा माझे कान गरम झाले होते. दारात अण्णा सायकल घेऊन उभे. "कसा गेला?"

"चांगला गेला."

त्याच संध्याकाळी आत्या बार्शीहून आली आणि हातपाय न धुता स्वयंपाकघरात पेपर उघडून बसली. बीजगणिताचाही आणला होता. काय काय लिहिलं ते ती सांगत गेली, मी मनात मार्क देत गेलो. बीजगणितात २२. भूमितीत १६, तेही हात सैल सोडून. गणिताचे दोन्ही पेपर मिळून तेव्हा १५० मार्क असायचे आणि पास व्हायला ५३ लागायचे. माझ्या हिशोबाने तिचे होत होते ३८.

"किती पडतील रे?"

"साठ तरी पडतील," मी म्हणालो.

एका दिवसात दोनदा खोटं बोललो. आणि मग अडीच महिने ते दोन्ही सांभाळत बसलो.

निकालाची वाट बघणं म्हणजे काय, ते त्या सुट्टीत मला कळलं. परीक्षा संपल्यावर सगळे म्हणायचे, सुटलास! कसला सुटतोय. सोलापूर जिल्ह्यातला एप्रिल-मे, दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही नसायचं. मला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. दहावीनंतर टायपिंग लावायचं असा तेव्हा नियमच होता. तिथे एएसडीएफ बडवत असताना डोक्यात तो चौकोन. अंगणात आई-आजी कुरडया घालायच्या आणि मी कावळे हाकलत बसायचो, तेव्हाही तो चौकोन. मे महिन्यात एका रात्री तो रायडर मला सुटला! अंथरुणात पडल्या पडल्या. दोन ओळींचा होता. रडूच आलं.

जून लागला तशा अफवा सुरू झाल्या. दहा तारखेला लागणार. नाही, वीसला. कुणाच्या तरी मामाचा साडू पुण्याला बोर्डात आहे, तो म्हणाला पंधराला. पेपरवाला पोऱ्या गठ्ठा सोडायच्या आधीच आम्ही चार-पाच जण स्टेशनवर हजर. येणारेजाणारे विचारायचे, "काय, पेढे कधी?" अण्णा हसून म्हणायचे, "येऊ द्या की निकाल." त्यांच्या त्या हसण्याची मला भीती वाटायची. आजीने पंढरीच्या विठोबाला नवस बोलला होता, माझ्या पंच्याऐंशी टक्क्यांसाठी. आत्यासाठी कुणी बोललं नव्हतं.

आणि आत्याकडे बघणं तर त्याहून अवघड. ती खुशीत असायची. मी साठ म्हणालो होतो ना! दवाखान्यातून येताना नर्सिंगच्या कोर्सची माहिती विचारून यायची, कुठे कुठे आहे, राहायची सोय असते का. मी मान हलवायचो आणि मनात ३८, ३८.

उन्हाळ्यात आम्ही सगळे अंगणात झोपायचो. एका रात्री सगळे झोपलेत असं वाटून मी आत्याला सांगून टाकलं. माझं. तिचं नाही सांगितलं. भूमितीत माती खाल्ली, पंच्याऐंशी काही पडत नाहीत, पंचाहत्तर पडले तरी खूप. दूर यार्डात शंटिंग चाललेलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झोपली.

मग म्हणाली, "पेपर तपासून झाले असतील आता."

"हो."

"मग झोप."

बास, एवढंच. पण अडीच महिन्यांत त्या एका रात्री मला गाढ झोप लागली. तिने ते कुणाला सांगितलं नाही, अण्णांनाही नाही.

निकालाच्या दिवशी दुपारी तीनला शाळेत गुणपत्रिका मिळणार होत्या. अण्णांनी अर्धी रजा टाकली. आत्या सकाळीच बार्शीला गेली, एकटी. दारातून निघताना आई देवापाशी होती, अण्णा दाढी करत होते. तिने चप्पल घातली आणि मला म्हणाली, "येते." मीही नुसतं "हं" म्हणालो. तिच्याबरोबर कुणी जायला हवं हे त्या दिवशी घरात कुणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही.

हेडक्लार्क गठ्ठा घेऊन आले. नावं पुकारायला लागले. माझं नाव आलं. ७५० पैकी ५४०. ७२ टक्के. गणितात ९१.

आज हे वाचताना कुणाला वाटेल, फर्स्ट क्लास आहे की! आहेच. पण पंच्याऐंशीच्या घरात बहात्तर म्हणजे सुतकच. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी गुणपत्रिका दोनदा वाचली, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि सायकलला किल्ली लावली. अख्ख्या रस्त्यात एक शब्द नाही. मी कॅरिअरवर बसून त्यांची पाठ बघत होतो. मारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटण्याइतका मी तेव्हा लहान होतो.

घरी आई तांदूळ निवडता निवडता रडली. आजी म्हणाली दृष्ट लागली. शेजारच्या काकू दारात येऊन डोकावल्या आणि वातावरण बघून "येते हं नंतर" म्हणून गेल्या. अण्णा खाटेवर आढ्याकडे बघत पडले. धाकटी बहीणसुद्धा भांडणाविना बसलेली. पाच वाजले, वर्कशॉपचा भोंगा झाला, आणि एकदम मला आठवलं की आत्या अजून आली नाही.

घरात फोन नव्हता. तिला कळवायचं म्हटलं तरी काही साधन नव्हतं. मी कुणाला न सांगता एसटी स्टँडवर गेलो. ३८ चा आकडा आता पोटात गोळा होऊन बसला होता. स्वतःच्या ७२ चं दुःख कुठल्या कुठे गेलं असं म्हणलो तर खोटं होईल, तेही होतंच. पण मला वाटत होतं की ती बार्शीच्या स्टँडवर कुठेतरी बाकावर बसली असेल, हातात ती गुणपत्रिका, आणि साठ म्हणणारा मी इथे. बार्शीहून एक गाडी आली, ती त्यात नव्हती. दुसरी आली. तिच्यातही नव्हती. कंडक्टरला विचारावं तर काय विचारणार, एक बाई नापास झालेली दिसली का?

दिवेलागणीला तिसरी गाडी आली. सगळ्यात शेवटी आत्या उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा खोका. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "तुझं काय झालं?"

"बहात्तर."

"फर्स्ट क्लास?"

"हो."

"मग रडतोस कशाला, गाढवा?"

मी रडत होतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. "तुझं?" मी विचारलं.

तिने पिशवीतून कागद काढला. स्टँडवरच्या ट्यूबखाली मी आधी गणित बघितलं. ५५! इंग्रजीत ३७. एकूण ३१५, ४२ टक्के, पास. ५५ कसे पडले ते आजपर्यंत मला कळलेलं नाही. पायऱ्यांचे मार्क दिले असतील, माझ्या हिशोबात पायऱ्या नव्हत्याच. मी तोंडाकडे बघत राहिलो.

"गाडी चुकली का?" मी विचारलं.

"नाही. दोन सोडल्या," ती म्हणाली. "बसले होते जरा." 

घरी जाताना ती गल्लीच्या तोंडाशी थांबली. सुतळी सोडली. अर्धा किलो पेढे होते, बार्शीहून आणलेले, तिच्या पगारातून. आणि मग मला बरोबर घेऊन ती दारोदार गेली. शेजारच्या काकू, समोरचे गार्डसाहेब, कोपऱ्यावरचे, सगळ्यांकडे. "घ्या, आमचा बाळ पास झाला. फर्स्ट क्लास!" एवढ्या मोठ्याने की आत आमच्या घरात ऐकू जावं. "अरे वा, फर्स्ट क्लास का!" लोक म्हणायचे आणि माझ्या पाठीवर थाप मारायचे. तिला कुणी काही विचारलं नाही, विचारणार तरी काय. तिची गुणपत्रिका पिशवीत होती आणि पिशवी माझ्या हातात. मी दर दारात तोंड उघडायचं ठरवायचो. "आत्या पण पास झाली" एवढं तर म्हणायचं होतं. गल्ली संपली, मी नाही म्हणालो. तिने सांगू नको म्हटलं होतं हे खरं, पण ते निकालाच्या आधी.

आम्ही घरात शिरलो तेव्हा अण्णा उठून बसले होते. तिने देवापुढे एक पेढा ठेवला, एक त्यांच्या हातावर. "कुणाचे?" अण्णांनी विचारलं.

"बाळचे," ती म्हणाली. "गल्लीभर वाटून आले. आता तोंड पाडून बसू नका, लोक अभिनंदनाला येतील."

आणि आलेच लोक. आईला तोंड धुऊन चहा टाकावा लागला. गार्डसाहेब अण्णांना म्हणाले, "आमच्या थोरल्याला पंचावन्न होते," तेव्हा अण्णा किंचित हसले. गुणपत्रिका खिशातून काढून त्यांनी ती दाखवली देखील.

रात्री दिवे गेल्यावर अंगणात, अंधारात, अण्णांचा आवाज आला, "तुझं काय झालं गं?"

"झाले, दादा."

"सगळ्यात?"

"सगळ्यात."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "बरं झालं." थोड्या वेळाने परत म्हणाले, "मी यायला हवं होतं."

आत्याला नर्सिंगला नंबर लागायला आणखी एक वर्ष गेलं. मी फर्ग्युसनला गेलो नाही, सोलापूरला डिप्लोमा केला, माझं काही वाईट झालं नाही. ती पुढे जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रात लागली, गावोगाव हिंडली, आणि २०२१ मध्ये कोविडच्या लसी टोचत टोचत रिटायर झाली. मध्ये एकदा, मी नोकरीला लागल्यावर, तिला म्हणालो होतो की आत्या, तुझे गणिताचे मी ३८ धरले होते.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "साठ म्हणताना तू पेपरकडे बघत होतास, माझ्याकडे नाही."

"मग ती सगळी सुट्टी तू..."

"मग काय करणार? तू एवढं म्हणालास, म्हटलं पडतील."

असो. तर ते चक्र एकदाचं थांबलं. ८१.६०. बायको "अगं बाई" म्हणाली आणि मग विषयवार बघताना गणितापाशी थांबली. मीही थांबलो. लेक दारात येऊन उभी, आमच्या तोंडाकडे बघत. दोन सेकंद कुणीच काही बोललं नाही. टेबलावरचा मोबाइल मी पार विसरलो होतो.

"काय रे?" त्यातून आवाज आला. "लागला ना? मग तिकडे एवढं सामसूम का?"

मी आकडा सांगितला.

"मग! दे तिला फोन."

लेक फोन घेऊन आत गेली. दहा मिनिटं बोलत होत्या दोघी, काय ते मला माहीत नाही, मधेच एकदा लेक मोठ्याने हसली. मी पिशवी घेतली आणि पेढे आणायला बाहेर पडलो.